पाकिटावरचे नाव आणि पाकिटातला जिन्नस

महिन्याचे वाणसामान भरण्यासाठी पुण्यातील एखाद्या मोठ्या किराणा दालनात गेलेल्या कुटुंबाला एक कोडे हटकून पडते, आणि ते असे की, एकाच फळीवर एकमेकांस खेटून ठेवलेल्या, वजनाने तंतोतंत सारख्या आणि रंगरूपानेही फारशा वेगळ्या नसलेल्या बेसनाच्या दोन पाकिटांपैकी एकावर घरोघरी ठाऊक असलेल्या कंपनीचे नाव असते, दुसऱ्यावर खुद्द त्या दुकानाचे किंवा दुकानाने स्वतःपुरते योजलेले एखादे अपरिचित नाव असते, आणि या दुसऱ्या पाकिटाची किंमत पहिल्याच्या मानाने डोळ्यांत भरण्याइतकी कमी असते. हात स्वस्त पाकिटाकडे जातो. तोच मनात शंका उभी राहते की, इतके स्वस्त आहे त्या अर्थी यात काहीतरी खोट असलीच पाहिजे. आणि शेवटी पुष्कळ वेळा हात परत फिरून ओळखीच्या पाकिटावर स्थिरावतो. जास्तीचे दहा-पंधरा रुपये शंकेच्या निवारणार्थ मोजले जातात, आणि दर महिन्याला, दर जिनसामागे मोजले जातात.

या शंकेत वस्तुतः दोन निरनिराळे प्रश्न मिसळलेले आहेत. एक म्हणजे, तोच जिन्नस दुकानाच्या नावाने विकताना स्वस्त पडतो तो का. आणि दुसरा, स्वस्त पडलेला तो जिन्नस प्रतीने उणा असतो की नसतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर व्यापाराच्या जमाखर्चात आहे, दुसऱ्याचे उत्तर जिनसागणिक बदलते. हे दोन्ही प्रश्न वेगळे करून पाहिले, म्हणजे कोणत्या पाकिटासाठी नावाचे दाम मोजावे आणि कोणत्यासाठी मोजू नयेत, याचा निवाडा ज्याचा त्याला करता येतो.

जुनीच वहिवाट

दुकानाने आपल्या नावावर माल विकावा ही कल्पना वातानुकूलित दालनांबरोबर आपल्याकडे आली, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. पेठांतला जुना भुसारी दुकानदार आडतीवरून पोत्याने डाळ आणी, ती आपल्या माणसांकडून चाळून-निवडून घेई आणि कागदाच्या पुड्यांत बांधून देई. त्या पुडीवर काहीही छापलेले नसले तरी ‘अमक्याच्या दुकानची डाळ’ हीच तिची ओळख असे, आणि डाळ किडकी निघाली तर गिऱ्हाईक त्याच दुकानाच्या पायरीशी उभे राहून जाब विचारी. मालाची हमी तेव्हा दुकानदाराची असे, कारखानदाराची नव्हे. कारखान्याचे नाव थेट गिऱ्हाइकाच्या ओठी बसले ते पुढे, छापील पाकिटे आणि जाहिराती सर्वत्र पोहोचल्यानंतर.

पाश्चात्त्य देशांतही या प्रथेचे मूळ शुद्ध मालाच्या मागणीत सापडते. १८४४ साली इंग्लंडातील रॉचडेल या गावी मूठभर विणकरांनी, पिठातील भेसळ आणि मापातली लबाडी यांना कंटाळून, स्वतःचे सहकारी भांडार काढले. अशा भांडारांची संख्या वाढल्यावर १८६३ मध्ये त्यांनी मँचेस्टर येथे एक सामाईक घाऊक संस्था उभारली, आणि त्या संस्थेने १८७३ मध्ये क्रंपसॉल येथे बिस्किटांचा स्वतःचा कारखानाच चालवावयास घेतला. भांडाराचे नाव असलेले पाकीट हे तेथे प्रथम शुद्धतेचे प्रमाणपत्र होते. स्वस्ताईची खूण ते कालांतराने झाले. पुढे १९७६ साली फ्रान्समधील कार्फूर या दुकानसमूहाने पन्नास जिन्नस, कोणत्याही कंपनीचे नाव न घालता, साध्या पांढऱ्या वेष्टनात विक्रीस मांडले, आणि नावाखेरीजही माल खपतो हे दाखवून दिले. आज युरोपातील कित्येक देशांत किराण्याच्या उलाढालीचा एक-तृतीयांशाहून अधिक हिस्सा दुकानांच्या स्वतःच्या नावांकडे आहे.

आपल्याकडे सहकारी ग्राहक भांडारांची परंपरा मुंबईत १९४८ साली कामगारवस्तीत सुरू झालेल्या ‘अपना बाजार’पाशी जाऊन पोहोचते. पुण्यापुरते बोलावयाचे, तर बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये याच शहरात ग्राहक पंचायतीची स्थापना केली, आणि टिळक रस्त्यावरची ‘ग्राहक पेठ’ ही त्याच चळवळीच्या विचारांतून उभी राहिलेली संस्था होय. पाठोपाठ १९७५ मध्ये निघालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानाची फळीच मधून काढून टाकली: शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करावा, महिन्याची यादी आगाऊ द्यावी, माल एकत्रित घाऊक खरेदी व्हावा आणि कोणा एका सभासदाच्या घरी उतरून तेथे तो वाटून घ्यावा, ही तिची पद्धत. खासगी व्यापारातला धागाही या सहकारी धाग्याला एके ठिकाणी येऊन मिळतो. कारण राधाकिशन दमाणी यांनी १९९९ च्या सुमारास नेरूळ येथे अपना बाजारचीच एक शाखा मक्त्याने चालवून पाहिली होती, आणि त्यानंतर २००२ मध्ये पवई येथे पहिले डी-मार्ट उघडले. आज डी-मार्टचे ‘प्रीमिया’, रिलायन्सचे ‘गुड लाइफ’, टाटांच्या स्टार बाजारचे ‘फॅबस्टा’ आणि ‘क्लिआ’ ही नावे पुण्याच्या फळ्यांवर दिसतात. ती सर्व दुकानांची नावे आहेत, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

शंभर रुपयांची फोड

गिऱ्हाइकाने दिलेला रुपया कोणाकोणाच्या पदरात किती पडतो, या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध तपास करण्याची परंपराही पुण्याचीच आहे. येथील गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली स्थापन झाली, आणि अवघ्या तीन वर्षांत, १९३३ मध्ये, धनंजयराव गाडगीळ यांनी एका सहकाऱ्यासह पुण्याच्या फळबाजाराची पाहणी प्रसिद्ध केली. बागेतून निघालेले फळ गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत ज्या ज्या हातांतून जाते, त्या प्रत्येक हातापाशी किमतीत काय भर पडते, हे पाहण्याची ती दृष्टी होती. तीच दृष्टी आपण बेसनाच्या पाकिटाला लावू. पुढील आकडे कल्पित आहेत. प्रमाणाचा अंदाज यावा, एवढाच त्यांचा हेतू आहे.

समजा, नामांकित कंपनीचे पाकीट शंभर रुपयांचे आहे. त्यातले बासष्ट रुपये हरभऱ्याच्या डाळीचे, आठ दळण आणि वेष्टनाचे, चार वाहतुकीचे, आठ जाहिरातीचे व गावोगाव हिंडणाऱ्या विक्रेत्यांच्या पगाराचे, पाच कंपनीच्या नफ्याचे, चार मधल्या वितरकाचे आणि उरलेले नऊ दुकानदाराचे, असे धरू. आता दुकानाने तेच बेसन स्वतःच्या नावाने करून घेतले, तर काय होते पाहा. डाळीचे बासष्ट रुपये तसेच राहतात. कारण हरभऱ्याचा बाजारभाव कोणाच्या नावाकडे पाहून ठरत नाही. दळण-वेष्टन सहा रुपयांत होते, वाहतूक तीन रुपयांत. जाहिरात आणि वितरक ही दोन्ही कलमे पुसली जातात. गिरणीवाला दोन रुपयांच्या नफ्यावर राजी होतो. वखारीचे आणि माल तपासणीचे दोन रुपये दुकानाच्या माथी नव्याने पडतात. आणि तरीही दुकानाने स्वतःसाठी बारा रुपये ठेवले, तरी पाकीट सत्त्याऐंशी रुपयांना देता येते. गिऱ्हाइकाचे तेरा रुपये वाचले, आणि दुकानाला पूर्वीपेक्षा तीन रुपये अधिक मिळाले.

जाहिरात पुसली गेली ती का, हे उघड आहे. दालनात पाऊल ठेवलेले गिऱ्हाईक दुकानाला आयतेच लाभलेले असते. त्याला दूरदर्शनवरून बोलावून आणण्याची गरज उरत नाही. ओळखीच्या पाकिटाशेजारची जागा हीच दुकानी पाकिटाची जाहिरात, आणि ती जागा दुकानाच्या मालकीची आहे.

या फोडीतून एक गोष्ट निघते, ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या जिनसाच्या किमतीत कच्च्या मालाचा वाटा मोठा, त्यात दुकानी नावाने होणारी बचत शेकड्याने थोडी असते. डाळ, तांदूळ, साखर, खाद्यतेल ही त्याची उदाहरणे. ज्यात कच्चा माल स्वस्त आणि किंमत मुख्यतः वेष्टन, वाहतूक व जाहिरात यांनीच फुगलेली, त्यात बचत शेकड्याने मोठी असते. कपडे धुण्याची पूड, फरशी पुसण्याचे द्रावण, कागदी रुमाल, सकाळच्या न्याहारीचे मक्याचे पोहे, ही त्याची उदाहरणे. परंतु शेकड्याचा आकडा म्हणजे रुपयांचा आकडा नव्हे. मिठावर अर्धे पैसे वाचले, तरी महिन्याकाठी एक-दोन पुडे मीठ लागणाऱ्या घरात ती बचत अल्पच राहते. उलट महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल, तर लिटरमागे दहा रुपयांचा फरकही ध्यानी घेण्याजोगा होतो. म्हणून महिन्याची यादी घेऊन प्रथम हे पाहावे की, आपले पैसे सर्वांत अधिक कोणत्या चार-पाच जिनसांवर खर्च होतात. विचार तेथून सुरू करावा.

तापलेला तवा

गिरणीवाला पाचाऐवजी दोन रुपयांच्या नफ्यावर राजी का झाला, हा या सगळ्या व्यवहाराचा गाभा आहे. तो समजण्यासाठी सदाशिव पेठेतल्या एखाद्या खाणावळीचा कारभार डोळ्यांसमोर आणावा. जागेचे भाडे, आचाऱ्याचे वेतन, भांडीकुंडी, हा सारा खर्च सकाळ-संध्याकाळच्या नेहमीच्या मंडळींच्या ताटांतून वसूल व्हावयाचा असतो. दुपारी तीनच्या सुमारास तवा अजून गरम असतो, आचारी बसून असतो, आणि अशा वेळी जवळचे एखादे वसतिगृह येऊन म्हणते की, आम्हांला रोज दोनशे पोळ्या द्या, तुमच्या खाणावळीचे नाव नको, दर मात्र कमी लावा. मालकाने हिशेब करावा तो नव्याने लागणाऱ्या कणकेचा, तेलाचा आणि इंधनाचा. भाडे आणि पगार तर जाणारच होते. कमी दरातही त्याच्या हाती चार पैसे उरतात, आणि तो होकार देतो.

बेसनाच्या, मसाल्याच्या, साबणाच्या कारखान्यात हेच घडते. यंत्रे बसवली की त्यांचे व्याज चालू राहते, ती फिरोत वा न फिरोत. म्हणून रिकाम्या पाळीत दुसऱ्याच्या नावाने माल काढून देणे कारखानदाराला परवडते. अर्थशास्त्रात ज्यास स्थिर खर्च म्हणतात, म्हणजे उत्पादन वाढले-घटले तरी जो बदलत नाही असा खर्च, तो नामांकित पाकिटाने उचललेला असतो. दुकानी पाकिटावर मुख्यतः वाढीव खर्चच पडतो. याचा अर्थ असा की, त्या खाणावळीने सर्वच पोळ्या वसतिगृहाच्या दराने विकल्या, तर तिचे भाडे निघणार नाही. दुकानी नावाची स्वस्ताई ही काही अंशी नामांकित नावाच्या महागाईवर उभी आहे. दोन्ही पाकिटे शेजारी शेजारी असतात, तोवरच हा मेळ बसतो.

तथापि, ‘दोन्ही माल एकाच कारखान्यातला, तेव्हा दोन्ही एकच’ असा जो निष्कर्ष कित्येकजण काढतात, तो अर्धाच खरा आहे. कारखाना एक असू शकतो, परंतु मागणी देताना दुकान जी प्रत ठरवून देते ती वेगळी असू शकते. डाळीतील तुकड्याचे प्रमाण, मिरचीपुडीतील देठांचे प्रमाण, चाळणीची जाळी, यांत फरक करता येतो, आणि भाव उतरवावयाचा असेल तेव्हा तो केलाही जातो. काही दुकाने याच्या उलट जाऊन आपल्या नावाच्या मालाची प्रत मुद्दाम चढी ठेवतात. कारण एका बेसनाने गिऱ्हाईक नाराज झाले, तर ते दुकानाच्या नावाच्या सर्वच जिनसांकडे पाठ फिरवील, हे त्यांना कळते. यास्तव कारखान्याच्या नावावरून निवाडा होत नाही. जिनसाची पारख करावी लागते.

नाव कशाची हमी देते?

नामांकित नावासाठी जास्त पैसे मोजणारे सगळेच भोळे असतात, असे मानणे अन्यायाचे होईल. विकणाऱ्याला मालाचा गुणदोष ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला नसतो, तेव्हा बाजाराचे काय होते, याचे विवेचन जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून केले. घेणाऱ्याला चांगला माल ओळखता येत नाही म्हणून तो चांगल्या मालालाही चांगला भाव देत नाही, मग चांगला माल बाजारात येईनासा होतो आणि हिणकसच तेवढा उरतो, असा त्याचा आशय. या कामासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. या गर्तेतून बाहेर पडण्याचा एक मार्ग म्हणजे प्रसिद्ध नाव. ज्या कंपनीने आपले नाव लोकांच्या मनावर ठसवण्यासाठी वर्षानुवर्षे पैसा ओतला, ती एका खराब खेपेपायी ते सहसा घालवणार नाही, हा गिऱ्हाइकाचा अंदाज सयुक्तिक आहे. नाव म्हणजे एक प्रकारचा जामीन, आणि जास्तीची किंमत हे त्या जामिनाचे शुल्क.

परंतु ज्याला मालाची स्वतःच पारख आहे, त्याला जामिनाची गरज काय? नेमका हाच प्रश्न चार अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील गिऱ्हाइकांवरून तपासला आणि २०१५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. डोकेदुखीच्या गोळ्या घेताना सर्वसाधारण गिऱ्हाईक शंभरांत सव्वीस वेळा नामांकित कंपनीची गोळी घेते. औषधशास्त्र शिकलेले लोक मात्र स्वतःच्या घरासाठी शंभरांत नऊ वेळाच ती घेतात, कारण दोन्ही गोळ्यांतले औषध एकच आहे हे त्यांना माहीत असते. व्यावसायिक आचाऱ्यांचेही तसेच. मीठ-साखरेसारख्या जिनसांवरच्या खर्चात नामांकित नावांना ते जो वाटा देतात, तो त्यांच्यासारख्याच इतर कुटुंबांपेक्षा बारा टक्के-बिंदूंनी कमी असल्याचे आढळले. ज्यांना आत काय आहे ते कळते, ते बाहेरच्या नावाला पैसे देत नाहीत. मला स्वतःला या संपूर्ण विषयातले सर्वांत मोलाचे संशोधन हेच वाटते. कारण बचतीचा मार्ग ज्ञानातून जातो, हे त्याने मोजून दाखवले.

डोळा, कायदा आणि जीभ

आता जिन्नस एकेक घेऊ. पारख तीन प्रकारांनी होते: काही जिन्नस डोळ्यांनी पारखता येतात, काहींची पारख कायदा आपल्या वतीने करतो, आणि काहींची केवळ जिभेने होते.

साखर हे कायद्याच्या पारखीचे उत्तम उदाहरण. आपल्याकडची पांढरी साखर दाण्याच्या आकारावरून आणि शुभ्रतेवरून एम-३०, एस-३० अशा प्रतींत वर्गीकृत होते. या प्रतींचे नमुने कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था ठरवून देते, आणि या साखरेतील शुद्ध शर्करेचे प्रमाण साडेनव्व्याण्णव टक्क्यांच्या आसपास असते. कोल्हापूरकडील कारखान्यातून निघो वा नगरकडील, एकाच प्रतीची साखर चहात विरघळल्यावर ओळखू येणे अशक्य आहे. तिच्या पाकिटावर कोणाचे नाव आहे, याला जवळजवळ काहीच अर्थ नाही. मिठाचेही तसेच: आयोडीनयुक्त मिठात गिऱ्हाइकापर्यंत पोहोचताना दहा लाख भागांत किमान पंधरा भाग आयोडीन असले पाहिजे, हा नियम नामांकित आणि अनामिक दोघांनाही सारखाच लागू आहे.

डाळी, तांदूळ, पोहे, रवा, शेंगदाणे हे डोळ्यांचे जिन्नस. पारदर्शक पाकिटातून दाणा एकसारखा आहे की तुकडा अधिक, किडीची भोके आहेत काय, तूरडाळीवर अवास्तव चकाकी आहे काय, हे दिसते. आपल्या घरांतील स्त्रियांनी पिढ्यानुपिढ्या ताटात डाळ पसरून जी पारख केली, तिच्याइतकी बारीक तपासणी क्वचितच कोठे होत असेल. आणि ही कला ज्या घरात अजून आहे, त्या घराने डाळीच्या पाकिटावरील नावासाठी पैसे देण्याचे कारण नाही. मात्र एक गफलत टाळली पाहिजे. दुकानी डाळ शिजत नाही अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे कारण पुष्कळदा डाळीत नसून पाण्यात असते. कठीण पाण्यातील चुन्याचे क्षार दाण्याच्या पेशींना जोडणाऱ्या पदार्थाशी बांधले जाऊन तो घट्ट करतात, आणि डाळ भिजूनही मऊ होत नाही. खडकवासल्याचे मऊ पाणी मिळणाऱ्या पेठांत जी डाळ झटपट शिजते, तीच उपनगरातल्या कूपनलिकेच्या पाण्यात हटून बसू शकते. जुनी, दीर्घकाळ वखारीत पडलेली डाळही अशीच अडते. तेव्हा दोष देण्याआधी त्याच पाण्यात दुसरी डाळ शिजवून पाहावी.

जिभेच्या जिनसांत चहा आणि मसाले प्रमुख. चहाच्या मळ्यांचे पीक ऋतूगणिक चवीने बदलते; तरी वर्षभर एकच चव देण्यासाठी अनेक मळ्यांची पाने प्रमाणाने मिसळणारे निष्णात लोक लागतात, आणि नामांकित चहाच्या किमतीत या कौशल्याचे मोल खरोखरच अंतर्भूत असते. मसाल्यांचेही तसेच. पुण्यात १९६२ साली हुकमीचंद चोरडिया यांनी सुरू केलेल्या ‘प्रवीण मसालेवाले’सारख्या घराण्यांनी ज्या चवी घराघरांत रुजवल्या, त्या पाककृतीच्या बळावर, आणि ज्या कुटुंबाच्या आमटीला एका विशिष्ट गोड्या मसाल्याची सवय झाली आहे, त्याने दहा रुपयांसाठी ती मोडावी, असे मी कदापि म्हणणार नाही. हळद व मिरची यांच्या पुडींबाबत तर अधिक सावधगिरी हवी; दळलेल्या जिनसातली रंगाची भेसळ डोळ्यांना दिसत नाही, आणि हळदीत शिशाचे संयुग मिसळण्याचे प्रकार आपल्या उपखंडात उघडकीस आले आहेत. येथे एक तर विश्वासाचे नाव घ्यावे, किंवा सांगलीची हळकुंडे आणून डोळ्यांदेखत दळून घ्यावीत.

चौकट: पाकीट उलटे करून वाचताना

पाकिटाच्या मागील बाजूस अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. त्यातला पहिला आकडा परवान्याचा प्रकार, पुढचे दोन राज्य आणि त्यापुढचे दोन वर्ष दाखवतात. दोन निरनिराळ्या नावांच्या पाकिटांवर उत्पादक म्हणून एकच नाव, एकच पत्ता आणि एकच क्रमांक असेल, तर माल एकाच ठिकाणी तयार झाला असे समजावे. ‘उत्पादक’, ‘वेष्टनकर्ता’ आणि ‘विक्रेता’ हे तीन वेगळे असू शकतात. दुकानाचे नाव बहुधा तिसऱ्या जागी असते. घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणून पहिले तीन शब्द सर्वांत महत्त्वाचे. अॅगमार्क ही १९३७ च्या कायद्याने सुरू झालेली शेतमालाच्या प्रतवारीची मोहर. ती नामांकित पाकिटावर असली वा दुकानी पाकिटावर, तिचा अर्थ एकच.

किमतीचे कोष्टक वाचण्याची रीत

दुकानी नावाचा माल नेहमी स्वस्तच असतो, असे मात्र गृहीत धरू नये. छापील कमाल किंमत ही कायद्याने घातलेली वरची मर्यादा आहे. तिच्याहून अधिक घेणे गुन्हा, कमी घेण्यास मुभा. आपल्या नावाच्या पाकिटावर ती किंमत दुकानच छापते. ती चढी छापून तिच्यावर मोठी सूट दाखवली, तर सुटीचा आकडा आकर्षक दिसतो, परंतु त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तुलना करावयाची ती सुटीशी नव्हे, तर शेजारच्या पाकिटाला प्रत्यक्षात द्याव्या लागणाऱ्या दराशी.

यासाठी वजनाचे परिमाण एक करून घ्यावे लागते. पूर्वी पुष्कळ जिनसांसाठी पाकिटांची ठराविक वजने कायद्याने बांधून दिलेली होती. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांत अलीकडे झालेल्या दुरुस्तीने ते बंधन गेले, आणि त्याऐवजी पाकिटावर दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमत छापणे आवश्यक झाले. बारीक अक्षरांतला हा आकडाच गिऱ्हाइकाचा खरा मित्र होय. पाचशे ग्रॅमच्या पुड्याशेजारी साडेचारशे ग्रॅमचा पुडा त्याच आकाराचा दिसतो. तेलाच्या बाबतीत तर एका पिशवीवर लिटर आणि दुसरीवर ग्रॅम असले, की हिशेब चुकतोच. एक लिटर खाद्यतेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते, एवढे स्मरणात ठेवले म्हणजे पुरे.

आणि सुट्या मालाचा विचारही सोडू नये. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या, आधीच वेष्टनात भरून नावनिशी लावलेल्या धान्य-डाळींवर पाच टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. नाव नामांकित असो वा दुकानी, कर सारखाच. त्यापूर्वी तो नोंदणीकृत नावांपुरता होता. पोत्यातून मोजून दिलेल्या सुट्या डाळीवर मात्र हा कर नाही. म्हणजे पारख असलेल्या माणसासाठी दुकानी पाकिटाहूनही स्वस्त असा पर्याय जवळच्या भुसारी दुकानात पूर्वीसारखाच उपलब्ध आहे, आणि वर्षाचे धान्य एकदम भरणाऱ्या कुटुंबाला मार्केट यार्डातला भुसार बाजारही.

माल काढणाऱ्याची बाजू

भोसरी, हडपसर, पिरंगुट या भागांत खाद्यपदार्थ तयार करणारे जे लहानमोठे कारखाने आहेत, अशा उद्योगांना मोठ्या दुकानसमूहाची मागणी म्हणजे आधार असतो. जाहिरातीला पैसा नसलेल्या, पण माल चोख काढणाऱ्या माणसाला तिच्यामुळे यंत्रे चालू ठेवता येतात, मजुरांना बारमाही काम देता येते. परंतु या व्यवहाराचा एक पेच आहे. माल त्याचा, नाव दुकानाचे. गिऱ्हाइकाला चव आवडली तर ते दुकानाला दुवा देते. आणि पुढील वर्षी दुसऱ्या कोणी किलोमागे आठ आणे कमी घेतले, तर मक्ता तिकडे जातो. ज्याचे निम्म्याहून अधिक उत्पन्न एकाच खरेदीदाराकडून येते, त्याला भावाच्या बोलणीत नकार देण्याचे बळ उरत नाही. रॉचडेलच्या विणकरांच्या भांडारात किंवा ग्राहक पंचायतीच्या संघात वाचलेला पैसा सभासदांकडेच परत येई. खासगी दालनात तो कोठे जावा हे दालनाचा मालक ठरवतो. मला हा भेद महत्त्वाचा वाटतो, आणि बचतीच्या आनंदात तो विसरला जाऊ नये असे वाटते.

यावर गिऱ्हाइकाच्या हाती एक उपाय आहे, आणि तो खिशालाही मानवणारा आहे. दुकानी नावाचे एखादे पीठ, चिवडा किंवा लोणचे मनापासून आवडले, तर पाकीट उलटून उत्पादकाचे नाव आणि पत्ता वाचावा. असा उत्पादक आपल्या स्वतःच्या नावानेही थोडाफार माल काढत असतो, आणि तो पेठेतल्या नाहीतर उपनगरातल्या एखाद्या लहान किराणा दुकानात मिळू शकतो. पत्ता पुण्याच्या आसपासचा असेल तर दुकानदाराला तो मागवून देण्यास सांगावे. दालनाचा वाटा मधून वजा झाल्यामुळे काही वेळा हा माल दुकानी पाकिटाच्याच भावात पडतो, आणि पाकिटावर नाव असते ते ज्याने तो तयार केला त्याचे.